घटपर्णी गच्चीत जगली, म्हणून वाचली का?

पुण्यात कुणाच्या बाल्कनीत मेघालयातली घटपर्णी, म्हणजे पानाच्या टोकाच्या घटात किडे पकडणारी वनस्पती, टांगलेली असेल आणि तिच्यासाठी परवाना काढलेला नसेल, तर कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. झाड जंगलातून उपटून आलं की मित्राने दिलेल्या फांदीपासून वाढवलं, हा प्रश्न नंतरचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात वनस्पतींचं वेगळं प्रकरण १९९१च्या दुरुस्तीने आलं. ठरावीक वनस्पती रानातून उपटायला बंदी झालीच, शिवाय त्या लावायला, वाढवायला आणि विकायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागू लागला. त्या वेळी यादीत सहाच नावं होती: बेडोमचा सायकस (ताडासारखं दिसणारं झाड), निळी वांडा आणि लाल वांडा ही ऑर्किडं, लेडीज स्लिपर ऑर्किडं, कोष्ठ ही औषधी वनस्पती आणि घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस खासियाना. महाराष्ट्राचे मुख्य वन्यजीव रक्षक बसतात नागपूरला. कोथरूडच्या माणसाने एका हँगिंग कुंडीसाठी नागपूरला अर्ज करावा, अशी ही व्यवस्था. कुणी करत असेल असं मला वाटत नाही. तिकडे तीच घटपर्णी ऑनलाइन राजरोस विकली जाते आणि मॉसमध्ये गुंडाळून कुरिअरने घरपोच येते.

(नर्सरीत काही शे रुपयांना मिळतात ते बहुतेक परदेशी जातींचे संकर. त्यांच्याशी या कायद्याचं भांडण नाही. आपलं बोलणं भारतात रानात उगवणाऱ्या एकमेव नेपेंथिसबद्दल.)

हौशी मंडळींना याबद्दल छेडलं की उत्तर ठरलेलं असतं: "अहो, आम्ही तर तिला वाचवतोय. तिकडे खाणी तिला गिळतायत, इथे निदान ती जिवंत आहे." माझं म्हणणं दोन्ही पक्षांना रुचणार नाही. घरी वाढवणाऱ्याला गुन्हेगार ठरवून सरकारने काही साधलेलं नाही, हे दार उघडायला हवं. पण घरी वाढवणाऱ्यानेही संवर्धन हा शब्द फुकटात वापरू नये. आपलं झाड कुठल्या टेकडीवरचं, त्याची आई कोण, ते नर की मादी, यातलं काहीच सांगता येत नसेल तर ते सुंदर शोभेचं झाड आहे. हौस म्हणून ते जरूर असावं. त्याला संवर्धन मात्र म्हणू नये.

हौशी लोकांची बाजू लेचीपेची नाही, हे आधी कबूल करू. अमेरिकेतल्या जॉर्जियात नदीकाठी फ्रँकलिनिया नावाचं पांढऱ्या फुलांचं झाड होतं. बार्ट्रम या वनस्पतिशास्त्रज्ञ बापलेकांनी ते १७६५मध्ये पाहिलं आणि पुढे त्याचं बी फिलाडेल्फियातल्या आपल्या बागेत नेलं. १८०३नंतर ते रानात कुणाला दिसलेलं नाही. आज जगात जिथे कुठे फ्रँकलिनिया फुलते, ती त्या एका खासगी बागेची वंशावळ आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीपासून फार दूर नसलेल्या एका दरीत १९९४मध्ये वोलेमाय पाइन सापडला. रानात पूर्ण वाढलेली झाडं शंभरसुद्धा नाहीत. तिथल्या सरकारने दरीचा पत्ता गुप्त ठेवला आणि २००५पासून रोपं खुल्या बाजारात आणली. ज्याला हवं त्याने विकत घ्यावं, दरीत उतरू नये, आणि विक्रीतला वाटा संवर्धनाला मिळावा, असा हिशेब. मला तो चोख वाटतो.

आपल्या जवळचं उदाहरण निळ्या वांडाचं. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८५०मध्ये मेघालयातल्या खासी टेकड्यांत होता. लंडनच्या क्यू गार्डनसाठी या ऑर्किडचे सात माणसांचे बोजे गोळा केले आणि त्यातली फारच थोडी झाडं इंग्लंडला जिवंत पोचली, हे त्यानेच लिहून ठेवलंय. एका गृहस्थाच्या माळ्याने नेलेल्या एका बोज्यातली झाडं तीनशे पौंडांना विकली गेली, हेही. (पुढे १८७३मध्ये नेपेंथिस खासियानाला शास्त्रीय नाव दिलं ते याच हूकरने.) शंभर-सव्वाशे वर्षं ही लूट या ना त्या रूपात चालली. मग नर्सऱ्यांमध्ये बियांपासून रोपं होऊ लागली, संकर निघाले, बाजाराची भूक तिथेच भागू लागली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइटिस कराराने २००४मध्ये निळ्या वांडाला सर्वांत कडक अशा परिशिष्ट एकमधून परिशिष्ट दोनमध्ये आणलं. लागवडीने जंगलावरचा ताण कमी होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग अडतं कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे घटपर्णीचा मुख्य शत्रू हौशी माणूस नाहीच. गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांत कोळसा आहे, चुनखडी आहे, झूम शेतीचं, म्हणजे जंगल तोडून-जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीचं, चक्र आखूड होत चाललंय. उंदराच्या बिळासारख्या कोळसा खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४मध्ये बंदी घातली; ती किती पाळली जाते हे बातम्या वाचणाऱ्याला ठाऊक आहे. गारो टेकड्यांतल्या बाघमाऱ्याला खास घटपर्णीसाठी राखलेलं अभयारण्य आहे, ते जेमतेम दोन हेक्टरांचं, पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या आवाराएवढं. आपण गच्चीत लावलेल्या झाडाने यातली एकही खाण थांबत नाही. उलट एक धोका आहे. "तशी ती बागांमध्ये भरपूर आहे की" हे वाक्य उद्या खाणमालकाच्या वकिलाला फार उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट कुंडीजवळ उभं राहून बघितली की कळते. घटपर्णीच्या पानाची मधली शीर पुढे वेलीच्या तणाव्यासारखी वाढते आणि तिच्या टोकाला घट फुगतो. पुण्यात एप्रिलमध्ये पानं छान येतात, पण कोरड्या हवेत ते टोक फुगण्याआधीच काळं पडून वाळतं. मग माणसं शेडनेट लावतात, फॉगर बसवतात, बोअरच्या जड पाण्याऐवजी साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी घालतात, पाण्यातले क्षार मोजायला रोज टीडीएस मीटर बुडवून आकडा बघतात. पावसाळ्यात घट धरला की त्यात सावकाश विरघळणाऱ्या खताचा एखादा दाणा टाकतात, नाहीतर माशांच्या खाद्याची गोळी. झाड तरारून येतं. ही मेहनत खोटी नाही, मला तिचं कौतुक आहे. पण रानात त्या घटाच्या काठावरच्या मधाला मुंग्या येतात, घसरून आत पडतात, आतल्या पाण्यात डासांच्या अळ्या वाढतात, तो एक छोटा संसारच असतो. बोर्निओतल्या नेपेंथिस राजाचं तर त्याहून पुढचं. तिथे झाडांवर चढणारा, खारीएवढा एक प्राणी झाकणाखालचा मध चाटायला घटावर बसतो आणि बसल्या बसल्या आत शौच करतो. झाडाला त्यातूनही नत्र मिळतो. काचघरात राजा वाढवता येते, तो प्राणी येत नाही. कुंडीत जगतं ते झाड, त्याचं नातं नव्हे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि हौशी गटांमध्ये तिच्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, आणि फुलोरा येईपर्यंत कुठलं काय ते कळत नाही. फुलोरा यायला काही वर्षं लागतात. समजा माझ्याकडे एक झाड आहे, त्याची फांदी मी दहा जणांना दिली. दोन-तीन पेरांचे तुकडे ओल्या मॉसमध्ये टोचले की मुळं फुटतात, अवघड काही नाही. दहा घरांत दहा झाडं झाली आणि सगळ्यांना वाटलं, प्रजाती वाढली. प्रत्यक्षात झाड एकच आहे, पत्ते दहा. टिश्यू कल्चरच्या बाटलीत, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या इवल्या तुकड्यापासून रोपं करताना, हेच हजारांनी होतं. दक्षिण आफ्रिकेत एन्सेफेलार्टोस वुडी नावाच्या सायकसचा एकच जुडगा १८९५मध्ये सापडला, तो नर निघाला. आज जगभरच्या बागांमध्ये त्याची पिल्लं दिमाखात उभी आहेत, झाडून सगळी नर. मादी कधी मिळालीच नाही. झाडं कितीही असोत, त्या प्रजातीचं बी धरणं थांबलंय.

म्हणून मी नोंदीचा एवढा आग्रह धरतो. मेघालयातल्या वेगवेगळ्या टेकड्यांवरच्या, वेगवेगळ्या आयांच्या, नर-मादी माहीत असलेल्या थोड्याशा कुंड्यासुद्धा, चिठ्ठीसकट, हजार बिनचिठ्ठीच्या कुंड्यांपेक्षा मोलाच्या आहेत. मादीला फुलोरा आला आणि नर दुसऱ्याच शहरात असेल तर पराग कागदाच्या पुडीत घालून फ्रीजमध्ये ठेवता येतो, कुरिअरने पाठवता येतो. हौशी मंडळी आजही असं करतात, पण बहुतेकदा संकर करण्यासाठी. दोन जातींचा मिलाफ करून लाल-चट्ट्यांचा मोठा घट मिळवण्यात जी गंमत आहे ती शुद्ध खासियानाचं बी धरण्यात नाही, हेही खरं. त्यात संवर्धनाच्या दृष्टीने नुकसान असं की नेपेंथिसच्या जाती एकमेकींत सहज मिसळतात. दोन पिढ्या चिठ्ठी हरवली की समोरचं झाड खासियानाच आहे की तिची सावत्र नात, हे नुसतं बघून सांगणं कठीण.

हा प्रश्न मेघालयाचाच आहे असं समजायचं कारण नाही. पुणे जिल्ह्यातली शिंदळ माकुडी बघा. जुन्नरच्या परिसरातून डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात ती जगापुढे आणली आणि तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याचं नाव तिला दिलं, फ्रेरिया इंडिका. काळ्या कातळाच्या फटीत लोंबणारी बोटभर जाडीची मांसल खोडं, पावसाळ्यात त्यांना पानं आणि तपकिरी-जांभळट, पिवळ्या ठिपक्यांची मखमली चांदणी. हिवाळ्यानंतर पानं झडतात आणि नुसतं खोड उन्हाळा काढतं. एकेकाळी जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिची गणना झाली होती. फांदी लावली की ती सहज जगते, त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या सक्युलंटवाल्यांकडे ती कधीचीच पोचली आहे, आपल्याकडच्या गच्च्यांतही दिसते. पण कुंड्या वाढल्याने कड्यावरचं झाड आपोआप वाढत नाही. कुणीतरी दोर बांधून कड्यावर उतरावं लागतं, कुठल्या कड्याची फांदी कुठे लावायची हे ठरवावं लागतं, आणि वणवे, शेळ्या आणि दरडी यांतून काय उरलं ते बघायला पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती आपल्या बागेत जोपासल्या, त्यामागे अशीच रानाची ओळख होती. गच्चीत हे होत नाही. गच्चीतून त्याला हातभार लागू शकतो, एवढंच.

हौशी माणसाच्या भुकेबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं. झाड मुबलक झालं की मागणी भागते, हे निळ्या वांडाच्या बाबतीत खरं ठरलं. पण संग्राहकाला झाड हवं असतं तसंच त्याचं दुर्मिळपणही हवं असतं. एक जात स्वस्त झाली की नजर पुढच्या जातीकडे वळते. व्हिएतनाममध्ये पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स या ऑर्किडचं शास्त्रीय वर्णन १९९९मध्ये झालं आणि काही वर्षांतच रानातून ते जवळपास खरवडून नेलं गेलं. लागवडीची रोपं बाजारात यायला वेळ लागतो, पोती भरायला लागत नाही. आज ते ऑर्किड काचघरांत भरपूर आहे. ते वाचवल्याचं श्रेय घेणारे आणि संपवणारे एकाच साखळीतले लोक होते. सह्याद्रीत फिरणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवून दुर्मिळ फुलाच्या फोटोखाली किल्ल्याचं नाव आणि लोकेशन टाकण्याची खोड सोडली तर फार बरं होईल. फोटोला लाइक्स तेवढेच पडतात.

मग करायचं काय? माझ्या मते परवाना राहू द्यावा, पण तो साधा करावा आणि वाढवणाऱ्यासाठी करावा. साइटिसमध्ये कृत्रिम लागवडीच्या झाडाला रानातल्या झाडापेक्षा वेगळी वागणूक आहे. परिशिष्ट एकमधलं असलं तरी ते परिशिष्ट दोनमधलं मानलं जातं. आपल्या कायद्याच्या अंमलबजावणीतही हा फरक ठळक दिसायला हवा. ज्यांच्याकडे आज बिनपरवाना झाडं आहेत त्यांना ती जाहीर करायची एक मुदत द्यावी. परदेशी प्राणी-पक्षी पाळणाऱ्यांना केंद्राने २०२०मध्ये अशीच सवलत दिली होती: सहा महिन्यांत स्वतःहून माहिती द्या, कागद मागणार नाही. प्राण्यांना जमलं ते झाडांना का जमू नये?

आणि नोंद ठेवायला पुण्याइतकं सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५पासून इथे आहे, आता कोरेगाव पार्कात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकापासून टिश्यू कल्चरचं काम झालं. हडपसरपासून उरुळीपर्यंत सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांग आहे, आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात माणसं कुंड्यांभोवती जत्रेसारखी गर्दी करतात. ज्ञान आहे, हात आहेत, हौस तर ओसंडून वाहतेय. नाही ती फक्त एक सामाईक वही: झाडाचा क्रमांक, मूळ ठिकाण, आई, नर की मादी, कधी फुललं, फांदी कुणाला दिली. वहीत नाव असलेल्या माणसाने स्वतःला मालक न समजता राखणदार समजावं. संस्थेने मागितली तर फांदी द्यावी, आणि राखणीतलं झाड विकू नये.

विकायचं कुणी? तर मेघालयातल्या माणसांनी. गारो टेकड्यांतली बरीचशी जमीन सरकारची नाही, ती तिथल्या गारो घराण्यांची आहे, आखिंग म्हणतात तिला. त्या टेकडीवर घटपर्णी टिकवायची की कोळशाला द्यायची, हे ठरवणारा माणूस पुण्यात नाही, तिथे आहे. आज ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या रोपाच्या पैशातला किती भाग त्याच्याकडे पोचतो, असा प्रश्न विकत घेताना कुणी विचारत नाही. जैवविविधता कायदा २००२पासून आहे आणि लाभात स्थानिकांचा वाटा हे त्याचं तत्त्वच आहे. परवानाधारक नर्सरी बाघमाऱ्यात किंवा जैंतिया टेकड्यांत असेल, बी तिथल्या झाडांचं, नोंद तिथली, तर पुण्याच्या माणसाने दुप्पट किंमत मोजावी. मी तरी मोजेन.

यावर आक्षेप येणार की लागवडीच्या नावाखाली रानातली झाडं खपवली जातील. जातीलच, असं जगभर होतं. पण रानातून उपटलेलं झाड लपत नाही. बुंधा लाकडासारखा जाड आणि जुनाट, मुळं तुटकी, पानांवर किडींच्या खुणा, जुने चरे, कधी दगडफुलासारखे डाग, आणि एवढं मोठं झाड असूनही किंमत संशय यावा इतकी कमी. कुंडीत वाढलेलं रोप लहान, स्वच्छ, एकसारखं असतं. घेणाऱ्याने दोन मिनिटं थांबून बघायचं ठरवलं तर अर्धा काळा बाजार तिथेच बसेल. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: नोंदणी म्हणजे खात्याचा ससेमिरा. एकदा नाव दिलं की दर वर्षी कुणीतरी वही तपासायला येणार. याचं माझ्याकडे गोड उत्तर नाही. म्हणूनच ही वही खात्याने न ठेवता वनस्पतिशास्त्राच्या संस्थेने ठेवावी, असं मला वाटतं.

खासगी संग्रहाची आणखी एक अडचण पुणेकरांना वेगळी सांगायला नको. तीस वर्षं जपलेली झाडं एका मे महिन्यात जातात, कारण घरचे कोकणात गेले आणि शेजारच्या मुलाने बोअरचं पाणी घातलं. माणूस गेला की मुलं फ्लॅट विकतात. सोसायटी पुनर्विकासाला गेली की भाड्याच्या घरात गच्ची नसते. सरकारी बागांनी यावर हसू नये. तिथे बदली झाली, टेंडर अडकलं, पंप बिघडला की तेच होतं. त्यामुळे एक झाड एकाच ठिकाणी ठेवणं हा जुगार आहे, मग ठिकाण कुठलंही असो. प्रत्येक नोंदलेल्या झाडाची निदान दोन फांद्या वेगवेगळ्या छपरांखाली हव्यात, आणि आपल्यामागे झाडं कुणाला द्यायची हे त्याच वहीत लिहिलेलं हवं.

शेवटची एक विनंती, कारण हा बेत मी एकाहून अधिक जणांच्या तोंडून ऐकलाय: "जास्तीची रोपं महाबळेश्वरला किंवा कासच्या बाजूला नेऊन लावली तर? हवा छान आहे." कृपा करून लावू नका. उत्तर अमेरिकेतली सॅरासेनिया ही घटवाली वनस्पती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आयर्लंडच्या दलदलीत कुणीतरी अशाच हौसेने लावली, आणि ती तिथे पसरली. आपल्या सड्यांवर दवबिंदू आहे, सीतेची आसवं आहेत, याही किडे खाणाऱ्या वनस्पती; त्यांच्या वाट्याचे किडे आणि त्यांच्या वाट्याची ओल त्यांना पुरेशी पडू द्या. मेघालयातही परस्पर नेऊन लावू नका. कुंडीबरोबर कुठली बुरशी, कुठली कीड आणि कुठला संकर जातोय हे आपल्याला दिसत नाही. जास्तीच्या फांद्या झाल्याच असतील तर ओळखीच्या दुसऱ्या माणसाला द्याव्यात, आणि देताना चिठ्ठी कुंडीत नीट खोचली आहे ना ते बघावं.